मांडीखालचा हात

सोलापूर
ता. ३ जानेवारी १९७६

बसम्माअक्का यांस,
दाक्षायणीचा नमस्कार.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. दुधनीत थंडी कडक आहे असं लिहिलंत. इथं पहाटे बोचते, पण नऊ वाजता उन्हात बसलं की स्वेटर नकोसा होतो. आमच्या अपंगांच्या आश्रमातली दहाही माणसं ठीक आहेत. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहू लागलेत, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी तोच विषय.

तुमच्या भावाची, शिवयोगीची, तब्येत उत्तम आहे. वजन वर्षात चार किलोनं वाढलं. पाठीला जखम नाही, कपडे रोज बदलतो, नखं शनिवारी काढतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीत 'व्यवस्था समाधानकारक' असा शेरा दिला. दिवाळीनंतर आलात तेव्हा तुम्हीही म्हणालात, "गाल भरले की आमच्या तम्माचे!"

कार्डात लिहिलंय की भोगीला त्याला घरी नेणार. आईंना आता अजिबात दिसत नाही, आणि त्यांना शिवयोगीच्या हातचा एक घास खायचा आहे. न्यायला माझी हरकत नाही. फक्त त्याआधी एक कळवायचं आहे. हल्ली तो आपल्या हातानं जेवत नाही. सोजरबाई भरवते.

सोजरबाई म्हणजे आमची स्वयंपाकीण. बाई मायाळू आहे, पण अकराची घंटा झाली की दहा ताटं, आणि शिवयोगीला एक भाकरी संपवायला पाऊण तास. "बाई, त्येचं हुईस्तोवर माजी भांडी वाळून जात्यात की," म्हणायची. भरवलं की दहा मिनिटांत उरकतं, सांडत नाही, सदरा स्वच्छ राहतो. अशा ठिकाणी हळूहळू सवय लागून जाते.

वरचं पुन्हा वाचून पाहिलं. सोजरबाईच्या माथी मारून मी मोकळी होते आहे. आता झालं तसं लिहिते.

गेल्या माघात एका कुटुंबानं वडिलांच्या पुण्यतिथीचं जेवण दिलं. गव्हाच्या खिरीसारखी गोड हुग्गी केली होती. अशा वेळी देणारी मंडळी आमच्याच पंगतीला बसतात. शिवयोगी नेहमीसारखा डाव्या हातानं जेवू लागला. उजवा लहानपणच्या तापात गेला, हे तुम्हाला काय सांगायचं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "डाव्या हातानं? आमच्या बापाच्या नावाचं अन्न हाय ते!"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. याच डाव्या हातापायी तुम्ही घरात सगळ्यांशी भांडलात, सात वर्षं मनगट धरून त्याला शिकवलंत, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते आठवतही होतं. पण ते कुटुंब आम्हाला वर्षाची ज्वारी देतं. मी वाकून शिवयोगीच्या कानात म्हटलं, "पाहुणे जाईपर्यंत हात मांडीखाली ठेव." त्यानं ठेवला. मी खूण केली आणि सोजरबाईनं भरवलं.

पाहुणे तीन वाजता गेले. हात काढ म्हणून सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला तो हात मांडीखाली घेऊनच. मी पाहिलं. त्या दिवशी भांडी लवकर घासून झाली, तेही पाहिलं. बोलले नाही. त्याला आता अकरा महिने झाले.

तुम्हाला हे दिसलं नाही, कारण तुम्ही येता रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. भेटीची ती वेळ मीच ठरवलेली आहे.

कार्ड आल्यापासून रोज त्याच्यापुढं ताट घेऊन बसते. हात बाहेर काढून ताटात ठेवते. बोटं आखडलीत. तुकडा धरतो, पण अर्ध्या वाटेत सुटतो. मग तोंड उघडून माझ्याकडं बघत राहतो. काल म्हणाला, "ब्याड, ताई, नको. तुमीच भरवा की. माज्यामुळं समद्यांचं खोळंबतंय." मला लाज वाटली. तेवीस वर्षं हे काम करते आहे, इतकी कधी वाटली नव्हती.

भोगीला दहा दिवस राहिले. तेवढ्यात हात परत येईल असं मी लिहू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, काही महिने लागतील, आणि पूर्वीइतका येईलच असं नाही. आईंना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. त्याला कायमचं घेऊन गेलात तरी मी अडवणार नाही. पण इथं ठेवणार असाल तर तुम्ही कसं शिकवलंत ते मला दाखवा. मनगट कुठं धरायचं, कोपर कशावर टेकवायचं, मला काही येत नाही. त्याला विचारलं तर नुसता हसतो.

रविवारी दुपारी येऊ नका. अकराच्या घंटेला या, न कळवता या. मला काय बोलायचं ते त्याच्या ताटाशी बसून बोला. त्याचं जेवण होईपर्यंत पाऊण तास आहे.

तुमच्या रागाची वाट पाहणारी,
दाक्षायणी