रेघेचं अंडं उकडलं त्याची गोष्ट

सरावली, मंगळवार, जानेवारी २०१७

नातीला बारावीपर्यंत शिकवली ती माझ्याच टोपलीत हात घालायला का? खुडूक कोंबडी कालच अंड्यांवर बसवली. त्या अंड्यांवर कोळशाची रेघ ओढली, म्हणजे दुसरी कोंबडी तिथं घालून गेली तर बिनरेघेचं खायला काढता येतं. मानसीनं नेमकं रेघेचं उचललं आणि उकडलं. म्हणते, "मला वाटलं, खायच्यांवर खूण केलीस." असं कोण करतं?

म्हटलं, आता कर परत पातळ आणि ठेव कोंबडीखाली.

"ते नाही होत, आजी." मग बसली समजवायला. पांढऱ्यात प्रोटीन असतं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली माळ, घडी घालून ठेवलेली. उकळलं की मणी सुटत नाहीत, घडी मोडते आणि माळा एकमेकींत गुंततात.

"मग कोंबडीच्या उबेनं का नाही गुंतत?"

"ती ऊब बेताची. आत पिल्लू तेच मणी सुटे करतं, नव्यानं ओवून चोच करतं, पिसं करतं."

चोच त्याच मण्यांची? असेल बाई. पण एवढं कळतं तिला, आणि रेघ नाही कळली?

कोंबडी रुसून उतरली होती. बाकीची गार पडतील म्हणून जीव टांगणीला. दिवेलागणीला आपणहून येऊन बसली, तेव्हा कुठं चहा गोड लागला. उकडलेलं दोघींनी मीठ लावून खाल्लं.

पिल्लं कैनाड गावात दिलेल्या लेकीला कबूल केली आहेत. एक कमी का, असं तिनं विचारलं की मानसीनंच सांगायचं, मण्यांपासून सगळं. मी तोंड उघडणार नाही.