सव्वीस इंच बाही

सोमवार, ५ ऑक्टोबर २००९

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. समोरच्या फ्लॅटमधली पक्कियम दारात उभी, हातात तुरुंगाचं पत्र. तिला इंग्रजी वाचता येत नाही. म्हणजे तिच्या मुलाच्या फाशीची तारीख मी वाचून दाखवायची! दयेचा अर्ज नामंजूर. शुक्रवार, ९ तारीख, सकाळी सहा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तारीख तीच.

ती रडली नाही. म्हणाली, "मिस, खाली अजून लिहिलंय. तेही वाचा."

खाली असं, की बुधवारपर्यंत इलंगोचे चांगले कपडे आणून द्यावेत. ते त्याला घालून तुरुंगवाले त्याचे फोटो काढतील. नंतर कुटुंबाला देतील. आठवण म्हणून!

"कपडे तुम्हीच आणा," पक्कियम म्हणाली. "तुम्हाला माप कळतं."

एकतीस वर्षं पुरुषांच्या कपड्यांच्या काउंटरवर काढली मी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की कॉलर सांगायचे. माप कळतं. तेच तर जुलैपासून सगळ्यांना ओरडून सांगतेय!

मंगळवार, ६ ऑक्टोबर

काल रागात धड लिहिलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशिया सांगायच्या — तक्रार करायची तर तारीख, वेळ, नाव आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते लिहा. बाकी सगळी रडारड! तर नीट लिहिते.

इलंगो आणि रॉनी भाड्याच्या एका खोलीत राहायचे. दारामागे खुंटीला निळं जॅकेट. अस्तरात हेरॉइन. इथे त्याला फाशीच. रॉनीने कोर्टात सांगितलं, जॅकेट इलंगोचं, रोज मोटरसायकलवर हेच घालायचा. कोर्टाने मानलं. रॉनी साक्ष देऊन सुटला.

जुलैत पक्कियमने खटल्याची फाईल वाचायला आणली, तेव्हा मी जॅकेटचा फोटो पहिल्यांदा पाहिला. शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला. खांद्यापासून बाही तेवीस इंच. आणि इलंगोची सव्वीस! त्याच्या मामेबहिणीच्या लग्नातला शर्ट मीच शिवला होता. माझा छताचा पंखा पोरगा स्टुलावर न चढता पुसायचा. तीन इंच मनगट उघडं टाकून रोज मोटरसायकल कोण चालवतं?

आज पुन्हा इलंगोच्या वकिलाला फोन.

"मिस मॉन्टेरो, पुरावा नवा लागतो. खटल्याच्या वेळी मिळण्यासारखा होता, तर तो नवा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मापाची टेप तेव्हाही होती."

"आणि तुम्ही कुठे होता?"

म्हणाला, "तेव्हा माझ्याकडे आणखी अकरा केस होत्या."

जॅकेट तरी दाखवा म्हटलं. अपील संपल्यावर जाळलं म्हणे. नियमानुसार.

मग तुरुंगाला फोन. त्याच्या हाताला एकदा टेप लावा, दोन मिनिटांचं काम! मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, आम्ही कपडे स्वीकारतो. मापं घेत नाही. आणि चार वर्षांत माणसाचं अंग बदलतंच ना."

"पोट बदलतं, बाई! हात वाढत नाहीत!"

"आणखी काही मदत हवी आहे का, मॅडम?"

बुधवार, ७ ऑक्टोबर

शर्ट आणला. कॉलर साडेसोळा. विकणारी पोरगी विचारते, "कोणासाठी, आंटी? वाढदिवस आहे?" फोटो काढायचाय म्हटलं. "मग पांढरा नको. फिका निळा घ्या, फोटोत खुलतो." घेतला फिका निळा. बाही सत्तावीस होती. घरी बसून कफपाशी इंचभर आत घेतली. टेप तीनदा लावली — सव्वीस. पक्कियम इस्त्री करत होती. एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली, शेवटी मी हातातून काढून घेतली.

कपडे देऊन आल्यावर खाली कॉफी घ्यायला बसले. दुकानवाले अंकल सोह टोस्टला लोणी लावता लावता म्हणाले, "काही केल्याशिवाय कोणी पकडतं का, मिस? चार वर्षं फुकट जेवला की!" शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. एकाने आणखी साखर मागितली.

चर्चमधली जेराल्डीन भेटली. "युनिस, तुझं ब्लडप्रेशर सांभाळ. कायदा आहे तो. बरं, रविवारी फुलं तूच आणतेस ना?"

अंकल सोह, जेराल्डीन, दोघांना सोलून काढणार होते. पण २००५ साली पेपरात इलंगोचा फोटो आला, तेव्हा मी काय म्हटलं होतं? काही केल्याशिवाय कोणी पकडतं का! म्हटलं, आणि पान उलटून शब्दकोडं सोडवायला घेतलं. पुढे सहा महिने पक्कियमशी गाठ नको म्हणून दुसऱ्या टोकाच्या लिफ्टने जात होते. टेप तेव्हाही होती. माझ्या ड्रॉवरमध्ये.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

वसाहतीच्या ऑफिसचं पत्र आलं. विषय — लिफ्टजवळची कबुतरं. सोमवारी सकाळी तक्रार टाकली होती, आज उत्तर! सही, शिक्का, साहेबाचा फोन नंबर, गैरसोयीबद्दल दिलगिरी. इलंगोच्या हाताबद्दल चार पत्रं पाठवली. पोच एकाचीही नाही.

पक्कियम शेवटची भेट घेऊन आली. मध्ये काच. हात लावू देत नाहीत. काय म्हणाला, विचारलं.

"म्हणाला, मिसचा पंखा आता कोण पुसतं?"

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

सहा वाजले. पक्कियम माझ्याकडेच होती. खाली अंकल सोह खुर्च्या मांडत होते. मी रोझरी हातात घेतली, एक मणीही पुढे सरकला नाही.

सोमवार, १२ ऑक्टोबर

फोटो आले. बारा आहेत. इलंगो भिंतीपाशी सरळ उभा आहे, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. हसतोयसुद्धा, गाढव! कफ बरोबर मनगटाच्या हाडावर. सव्वीस इंच.

भिंग घेऊन बाराही पाहिले. मागे तुरुंगाचा शिक्का. तारीख ८ ऑक्टोबर.

तुरुंगाच्या साहेबांना लिहिते — नवा पुरावा हवा होता ना? घ्या. हा खटल्याच्या वेळी नव्हता. फाशीच्या आदल्या दिवशी तयार झाला, आणि तो तुम्हीच काढलात. एक रात्रभर तुमच्याच टेबलावर पडून होता. हे आजच रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे, जॅकेटच्या फोटोसकट. लेखी उत्तर हवं. सहीनिशी. शुक्रवार, ३० ऑक्टोबर, सकाळी सहाच्या आत. त्या वेळी तुम्ही जागे असता, मला माहीत आहे.