कोरडं ठणठणीत

अण्णा, तीन दिवस झाले, आपल्या घरगाडीच्या टपावर मीच चढतेय. पन्नाशी उलटलेली बाई पदर खोचून शिडीवर, आणि शेजारच्या वहिनी तोंडाला पदर लावून बघत उभ्या. बघू देत. माधवनगरच्या गॅरेजात तुम्ही आयुष्यभर लोकांच्या बसच्या बॉड्या बांधल्यात आणि भंगारातल्या एका मिनीबसमध्ये आईसाठी पलंग, शेगडी, फडताळ बसवलंत, त्या गाडीची काय दशा झालीय म्हणून सांगू! पत्र्याच्या सांध्यांतलं सील वाळून तडकलंय, खिडक्यांच्या रबराचा नुसता भुगा होतोय. आणि आईला आता, ऐंशीव्या वर्षी, समुद्र बघायचाय. तोही याच गाडीतून. ऐकतेय का कुणाचं? इंजिन इस्लामपूरच्या मेकॅनिकनं चालू करून दिलं, टपाला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही.

पहिला दिवस खरवडण्यातच गेला. जुन्या सीलवर नवं थापताना तुम्ही मला एकदा पकडलं होतंत. "आंघूळ न्हाई न् पावडर थापतीस व्हय?" म्हणालात, आणि खालचा पत्रा चमकेपर्यंत अख्खा सांधा खरवडायला लावलात. रडले होते मी, रागानं. आता खरवडायची पट्टी तशीच तिरकी धरते, थिनरनं पुसते, पेस्ट भरते आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एका दमात शेवटपर्यंत फिरवते. मधे थांबले की तुम्ही ओरडाल असं अजून वाटतं.

पेस्ट वाळली की परीक्षा. तुम्ही टपावर घागर घेऊन, मी आत. सांध्यांना आतून बाजारातली वाया गेलेली हळदपूड फासलेली. थेंब झिरपला की पिवळं काळपट पडायचं. "वल हाय का गं?" तुम्ही वरून विचारायचात. दरवर्षी दोन-तीन जागा निघायच्याच. हात कुणाचाही चुकतो, म्हणून तर पाणी ओतायचं. समुद्राला जायचं ठरलं त्या वर्षी मी सतरा वर्षांची, मैत्रीण सांगलीला सिनेमाला जायला गाडीच्या दारात खोळंबलेली, आणि मी आरशात बघून वेणी घालत होते. "वल हाय का गं?" "न्हाई अण्णा, कोरडं ठणठणीत हाय!" मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तुम्ही हसतच खाली उतरलात. "आयला! यंदा एकपण न्हाई?" संध्याकाळी भडंगाचा पुडा आणलात आणि आईला तीनदा तेच सांगितलंत. ते भडंग मी खाल्लं, अण्णा.

भर पावसात आपण निघालो, कोकणात उतरून समुद्र बघायला. साताऱ्याला मुक्काम पडला आणि पाणी नेमकं आईच्या उशीवर आलं. आई हसली, गादी गुंडाळून बसून राहिली. तुम्ही मात्र स्वतःची बोटं पुढं धरून बघत होतात. "माझा हात गेला आता," म्हणालात. गाडी तिथूनच मागं वळवलीत, महिन्याभरात गॅरेजही सोडलंत. मी गप्प. आधी भीतीनं, मग लाजेनं, आणि मग तुम्हीच गेलात. एवढं एक वाक्य होतं, ते माझ्या तोंडून निघालं नाही.

आज आत बघायला कुणी नव्हतं. घागर ओतायची, खाली उतरायचं, आत जाऊन बघायचं, असं सात-आठ वेळा केलं. दोन जागा निघाल्या, बुजवल्या. तुम्हाला लिहिलेलं पोचणार नाही, कळतं मला. निदान आईला तरी आज सांगायचं असं ठरवलं होतं. ती अंगणात खुर्चीवर बसली होती. मी जवळ गेले तर तीच म्हणाली, "बरं केलंस बाई. ह्यांचा तर हात पार गेला हुता शेवटी. लय मनाला लावून घेतलं त्यांनी."

माझे हात हळदीनं पिवळे झाले होते. मी ते पदराला पुसले आणि म्हणाले, "व्हय गं आई."