फवारणीच्या पंपाची नळी

ओतूर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सुदर्शन,

अनेक आशीर्वाद. लिहिताना हात अडखळला, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला ठाऊक नाही. तू मजेत असशील असं धरून चालतो.

इकडे सगळं ठीक. तुझ्या ताईचे गुडघे दुखतात आणि ती डॉक्टर सोडून सगळ्यांना सांगते. तुझी भाची आरती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली. गॅरेजचे पत्रे काढून स्लॅब टाकला. बाहेर मोठा बोर्ड लावला, 'जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचे खास काम'. त्या बोर्डाबद्दल लिहायचं आहे, पण जरा दमानं घेतो.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू 'हो दाजी, बरं दाजी' म्हणशील आणि मी दोन मिनिटांत सुटेन. मला तसं सुटायचं नाही.

परवा पुण्याहून एक गृहस्थ आले. पन्नास वर्षांची गाडी, वडिलांची म्हणून जपलेली. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना हिसका देत होती. मी बॉनेट उघडायच्या आत तेच मला शिकवायला लागले. "गिअरबॉक्सचं तेल इंजिन गरम करून, चालू ठेवूनच बघा. मग नळ्या बघा, मग केबल. बॉक्स खोलायचा तो सगळ्यात शेवटी." मला हसू आलं. म्हटलं, एवढं ज्ञान कुठून आणलंत?

"चाकणला आमच्या कंपनीत सुदर्शन म्हणून आहे. पार्किंगमध्ये नुसता आवाज ऐकून सांगितलं त्याने. मी म्हटलं तूच कर, तर हात लावेना. म्हणाला, माझ्या हाताला यश नाही, एका पोरीच्या पाठवणीत मी अपशकुन केलाय. ओतूरला आमचे दाजी आहेत, त्यांच्याकडे न्या."

सुदर्शन, मी त्यांना चहा पाजला, गाडी ठेवून घेतली आणि मागे जाऊन टायरवर बसून राहिलो. मला वाटत होतं तू माझ्यावर चिडून गॅरेज सोडून गेलास. तू स्वतःवर चिडून गेलास हे मला साडेतीन वर्षांत सुचलं नाही. खरं लिहितो, मी सुचू दिलं नाही.

महाळुंगे पडवळच्या अमृतशेठची ती निळी गाडी आठव. लेकीची, हर्षालीची पाठवणी आजोबांच्या गाडीतूनच करायची हा शेठचा हट्ट. त्यांच्याच पडवीत आपण चार दिवस तिच्यावर काम केलं. बॉक्सचं तेल आणि जाळी तू बदललीस, आणि चोख बदललीस. काम झाल्यावर म्हणालास, "दाजी, ती ओढीची नळी लई कडक झालीया. सकाळच्या एसटीनं पुण्याला जातो, नवी आणतो." इंजिन त्या नळीतून हवा ओढतं, आणि त्या ओढीवर बॉक्सला कळतं की गिअर कधी टाकायचा. हे मला तूच समजावून सांगितलं होतंस. मी तोऱ्यात म्हणालो, "काय नाय व्हत तिला."

तू जेवायला गेलास आणि ती नळी माझ्या हातात तुटली.

शेठच्या पडवीत टोमॅटोच्या फवारणीचा जुना पंप पडला होता. त्याच्या नळीचा वीतभर तुकडा कापला आणि बसवला. मापात बसला, गाडी लोण्यासारखी चालली. तुला सांगितलं नाही. मेहुण्याचं ऐकायला हवं होतं हे कबूल करायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

पुढचं तुला माहीत आहे. मे महिन्याची दुपार, पुढे बँडवाले, गाडी अर्धा तास माणसाच्या चालीनं. गाडी तापली, पहिल्या गिअरमध्ये अडकून किंचाळायला लागली. मग असा हिसका बसला की हर्षालीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि मुंडावळ्या तुटल्या. शेठची आई, कुशाबाई, भर वेशीत रडायला लागली, "पोरीची वाट मोडली गं!" पोरगी शेवटी पिकअपमध्ये बसून सासरी गेली. लोक माझ्याकडे बघत होते. आणि मी तुझ्याकडे बोट केलं. "बॉक्समंदी हात ह्याचा व्हता."

तू एक शब्द बोलला नाहीस. तुमच्या घरची रीतच तशी, बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत उलटं बोलायचं नाही. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच माझं बोट इतकं बिनधास्त उठलं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. नळीचं खरं मला आज नाही, तेव्हाच कळलं होतं. तू गेल्यावर पंधरा दिवसांनी मी ती गाडी तापवून बघितली. फवारणीची नळी आतून जोर सोसते, तिचं कामच ते. आतून ओढ लागली आणि वर उष्णता मिळाली की ती चपटी होते आणि मिटते. माझ्या डोळ्यांदेखत मिटली. मी तुकडा काढला, चांगली नळी बसवली आणि शेठला म्हणालो, "पोराची चूक निस्तरली." शेठनं चार गावांत माझं नाव केलं. तो बोर्ड त्याच नावावर उभा राहिला. तू तीन भाऊबिजांना आला नाहीस. ताई दर वर्षी ताट करून बसायची, आणि मी तिला म्हणायचो, पोरगा फार मानी आहे.

काल महाळुंग्याला गेलो. शेठच्या अंगणात कांदा भरायला आठ-दहा माणसं होती, त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. कुशाबाईंचे पाय धरले. हर्षालीला दोन लेकरं आहेत, सुखात आहे. अमृतशेठ म्हणाले, "गाडीचं काय घिऊन बसलाय राव? त्या पोराचं काय?" घरी येऊन बोर्ड उतरवला.

पुण्याच्या त्या गाडीला मी हात लावलेला नाही. बॉक्स तुझ्या हातची वाट बघतोय. तू आलास तर तूच कर. नाही आलास तर मालकाला खरं सांगून परत देईन. पण हाताला यश नाही असं पुन्हा कोणाला म्हणू नकोस. यश होतं, ते मी खाल्लं.

तो तुकडा मी टाकला नव्हता, का ते ठाऊक नाही. पाकिटात घातलाय. गरम पाण्यात बुडवून एक टोक बोटानं बंद कर, दुसरीकडून हवा ओढ, म्हणजे तुझी तुलाच खात्री पटेल.

तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. ताईकडे मागितला तर म्हणाली, "कशाला?" मी इथवर लिहिलेलं हे पत्रच तिच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं. पाकिटावरचं अक्षर तिचं आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, एवढंच म्हणाली, "लिवा त्याला, यंदा मीच येती भाऊबीजला. एकलीच येती."

तिला एसटीत मी बसवून देईन. चाकणला उतरवून घे, गुडघ्यांमुळे पायरी उतरताना तिला हात लागतो.

खाली 'तुझा दाजी' लिहिणार होतो. ते तू म्हणशील तेव्हा.

गोरख