नारळाला फुटवा नसतो

१४ एप्रिल, सोमवार

जीवरामांचं डायलिसिस चार तास चाललं. सिस्टर पुनमने आहाराचा कागद पुन्हा हातात दिला. केळी नको, नारळपाणी नको, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकायचं. पोटॅशियम चढलं की हृदय बंद पडतं, असं तिने सांगितलं — दूध उतू जातं म्हणावं तितक्या सहज. पाणी दिवसाला एक लिटर, त्यातच चहा.

कागद मी मोठ्या अक्षरात उतरवून फ्रिजवर लावला. जीवराम खुर्चीतून बघत होते. "नळवाला बरा तुझ्यापेक्षा. आठवड्यातून एकदा सोडतो, पण भरभरून सोडतो!"

येताना त्यांच्यासाठी वेगळं मीठ घेतलं. सोडियम कमी असलेलं, बी.पी.साठी. आता त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात.

"कडसर लागतंय गं."

सवय होईल, म्हटलं.

२० एप्रिल, रविवार

अक्का आल्या. पारोळ्याहून एकट्या, एसटीने, ब्याऐंशीव्या वर्षी. माझ्या सासूबाई, पण आई म्हणायचं मला कधी जमलं नाही. सगळं घर अक्का म्हणतं, मीही.

मुलाला भेटायच्या आधी झाडाला भेटल्या. अंगणातला नारळ त्यांनीच लावलेला — देवपूरचं हे घर झालं त्या वर्षी. धुळ्याच्या हवेत नारळ! लोक हसले होते. अक्कांनी खड्ड्यात मूठभर मीठ टाकलं. "समुद्रनं झाड शे. मीठबिगर करमाव नई त्याले." न्हाणीच्या पाण्यावर वाढला. फळं लहान, पण धरतात.

जेवताना त्यांना कागद वाचून दाखवला. नारळपाणी बंद, हे ऐकून त्यांना खरंच वाटेना.

"अमृतनी बी बंदी व्हस का, माय?"

४ मे, रविवार

दुपारी अक्का बोलत बसल्या. बोलणं सगळं नारळाचं. तापात पाणी. उन्हाळी लागली तर पाणी. बाळंतिणीला खोबरं. करवंटी जाळून काढलेलं तेल नायट्याला. मी मान हलवत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मी लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं.

जीवराम चार वर्षांचे. हगवण लागलेली. अंगात काही ठरेना, डोळे खोल गेले. वैद्याने सांगितलं, नारळाचं पाणी द्या. पारोळ्यात तेव्हा शहाळं कुठलं! अक्का लोटा घेऊन देवळाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. कोणी नारळ फोडला की लोटा खाली धरायचा. बायका हसायच्या — "भिकुबाई, नाव खरं करं व माय!" तीन दिवस. चमच्याचमच्याने पाजलं. चौथ्या दिवशी पोराने भाकरी मागितली.

जीवराम डोळे मिटून ऐकत होते. झोपले नव्हते.

१२ मे, सोमवार

पोटॅशियम ६.४. मागच्या महिन्यात ५.१ होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "घरी कुणी नारळपाणी देतंय का?"

घरी येऊन अक्कांच्या पलंगाखाली पाहिलं. दोन शहाळी. आपल्याच झाडाची.

"त्याले नई दिन्हं. माले उन्हाळी लागनी, मन्हासाठे शे."

मी ओरडले. कधी नव्हे इतकं ओरडले. तुमच्या अडाणीपणाने त्यांचा जीव जाईल, असं म्हणाले. हे वाक्य इथे लिहून ठेवते.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुले पुस्तकं कयतस. माले पोऱ्या कयस."

१३ मे

सकाळच्या बसने त्यांना पारोळ्याला बसवून दिलं. जीवरामांनी अक्कांच्या पलंगावरची चादर काढू दिली नाही.

२६ मे, सोमवार

६.६.

अक्का घरात नाहीत. झाडावरची सगळी फळं मी उतरवून वाटून टाकली. तरी ६.६! म्हणजे हे स्वतःच कुठेतरी पितात. कोपऱ्यावर शहाळीवाला बसतो. विचारलं, तर हसले. "जिना उतरायला मला दोन माणसं लागतात, सुलक्षणा. शहाळं पिऊन कोण येतंय?"

डॉक्टरांनी सगळा आहार विचारला. मी कागदावरून घडाघडा सांगितलं. मिठाचं विचारलं तेव्हा म्हटलं, अगदी बेताचं. अडतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं — पाठ केल्यासारखं बोलायची सवय आहे.

आता बटाटा तीनदा उकळते.

७ जून, शनिवार

फार उन्हाळा. अजून पाऊस नाही. जीवरामांच्या ओठांना भेगा. मी बर्फाचा एक खडा देते आणि घड्याळ बघते. पाय उचलत नाहीत म्हणाले, जड वाटतात. सोमवारी डायलिसिस आहेच.

मुलगा पियुष पुण्याहून आला. आधी पुढे पारोळ्याला जाऊन आजीला घेऊनच आला. मला विचारलं नाही. अक्का उशाशी बसून आहेत, पदराने वारा घालत.

९ जून, सोमवार

जीवराम गेले. पहाटे. डायलिसिसला न्यायची गाडी दारात यायच्या आधी.

११ जून

लिहिलं पाहिजे, नाहीतर विसरेन. विसरणार नाही, तरी.

त्या पहाटे घाईने दवाखान्यात नेलं, तिथे त्यांचं शेवटचं रक्त तपासलं. ७.९. डॉक्टरांनी विचारलं, काल काय दिलं? मी म्हटलं, नेहमीचंच. तेव्हा अक्का भिंतीजवळून उठल्या.

"मी दिन्हं. शहायानं पानी. दोन घोट. जीभ कोरडी व्हती त्यानी. 'अक्का, दे' म्हने."

पियुष तोंड फिरवून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, दोन घोटांनी एवढं होत नाही, पण — आणि थांबले. मला तो 'पण' तेवढा ऐकू आला.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोलावं म्हणून.

२१ जून, शनिवार

तेरावा झाला. अक्का पारोळ्याला गेल्या. निघताना दारात थांबल्या, झाडाकडे पाहिलं, पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला नाही. आशीर्वाद द्यायचा नव्हता म्हणून नव्हे. हात पदराखाली लपवले होते.

असू द्या, एवढं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

२९ जून, रविवार

झाड तोडायला ज्ञानेश्वर आला. दोर कमरेला बांधून निम्म्यावर चढला, तिथून ओरडला, "मॅडम, मोहोर आहे हो! फळतं झाड कशाला?"

"तोड."

"एकदा शेंडा उतरवला की खेळ खलास. निंब पुन्हा येतो. नारळाला फुटवा नसतो. अजून विचार करा."

"केलाय."

तीन तुकडे केले. अंगणात एकदम फार उजेड झाला. खिडकीला पडदा लावावा लागेल.

३ जुलै

पाऊस पडतोय. झाडावर वाजायचा, तसा वाजत नाही.

२७ जुलै, रविवार

पियुषचा पारोळ्याहून फोन. येत्या रविवारी कानबाईचा सण. आमच्यात रोट चुकवत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, त्याचे देवीला रोट. यंदा एक मूठ कमी.

गव्हाचं अडलेलं नाही. अडलंय ते देवीचं. कानबाई म्हणजे नारळच. त्याला डोळे, नथ, ओढणी घालून सजवायचा. साठ वर्षं हे काम अक्कांचं. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. यंदा नारळ समोर ठेवला तर हात मागे घेऊन सरकल्या.

"या हातघाई मी आते कानबाई नई सजाडस."

"आई, तू येऊन समजाव ना तिला," पियुष म्हणाला. "तिने अन्न टाकलंय गं. दिवसाला अर्धी भाकरी. अशाने दिवाळी बघणार नाही ती."

काय समजावू? अक्कांनी पाणी दिलं होतं. खोटं कसं बोलू?

२ ऑगस्ट, शनिवार

स्वयंपाकघर आवरलं. जीवरामांचं वेगळं पातेलं धुऊन वर ठेवलं. त्यांच्या मिठाचा डबा रिकामा केला. तळाशी पाकीट घडी करून ठेवलेलं — पुन्हा तेच आणता यावं म्हणून मीच जपलेलं. मागच्या बाजूला इंग्रजीत बारीक ओळ. चष्मा लावला.

पोटॅशियम क्लोराईड. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

सकाळ-संध्याकाळ. आठ आठवडे. माझ्या हाताने.

पाकीट पर्समध्ये ठेवलं आहे. पारोळ्याची पहिली बस पहाटे. अक्कांना वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल.