पळण्यास सक्त मनाई

मंगळवार, ७ जाने.
बागेच्या गेटावर नवी पाटी. ‘पळण्यास सक्त मनाई.’ धूळ उडती म्हणं. एवढी मोठी बाग, टेकडीपर्यंत पायवाटा, आन धूळ मपल्या एकटीच्याच बुटाची! रविवारी पोलीस भरतीचं ग्राउंड, पळायची परीक्षा. शहागंजात मावशीच्या खोलीत राहून सालभर पळायले ते पाट्या वाचायला व्हय? रस्त्यावर पळावं तर डंपर आन कुत्री.
पळाले. वॉचमननं शिट्टी मारली. मारू दे.

बुध. ८
पाटी लावून घेणारे रिटायर साहेब भेटले. रोज ग्रुप घेऊन फिरतात. "बेटा, ही फिरायची जागा आहे." म्हणलं, "फिरतेच की साहेब, जरा भरभर." तापले. दोघांना घेऊन वाटेत हात पसरून उभे! अहो, मेंढरं आडवायला बी अक्कल लागती. धनगराची पोर मी, बाजूच्या गवतातून सुटले, तिघं मागं. पॅन्टला कुसळंच कुसळं. मागून कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. काढा.

गुरु. ९
व्हिडिओ गावाकडं, कन्नडला पोचला! बाचा फोन. "संगे, गावभर दाखवायलेत. तू म्होरं, गडी मागं. काय चाललंय?"
म्हणलं, "बा, म्होरं हाय ते बघ ना."
फोन ठेवून दिला त्यानं. मावशी म्हणते, गप बस चार दिवस. गप बसले असते तर बारावीलाच हळद लागली असती.

शुक्र. १०
बा आला एसटीनं. पटका, घोंगडं, काठी. पाणी प्यायच्या आधी बातमी. "रविवारी सुपारी फोडायची. पोरगं साखर कारखान्यात हाय. पावन्यांना शब्द दिलाय."
– रविवारी ग्राउंड हाय.
– भरती काय, फुडल्या साली बी निघंल.
– पोरगं बी निघंल की फुडल्या साली.
मावशी तोंडाला पदर लावून आत गेली. बा जेवला नाय. मी बी नाय. (मग खाल्ली भाकरी. पळायचं होतं.)

शनि. ११
बाला बागेत नेलं. आधी बघ म्हणलं, मग बोल.
साहेब लोक आजबी वाटेत. बानं काठी आडवी धरली आन तिघांना अलगद कडेला सारलं, वाड्यात मेंढरं सारतो तसं, तोंडानं "हुर्रर्र, हुर्रर्र" करत! सवय, दुसरं काय. साहेब लालेलाल. "ए, मी क्लास वन ऑफिसर होतो!"
बा म्हणला, "असाल की. जरा कडंनं व्हा."
मी सुटले ते टेकडीला वळसा घालूनच थांबले. बाचे डोळे भरलेले. वाटलं, जिंकले.
परतताना म्हणला, "लई पळतीस गं पोरी. अगदी आजावर गेलीस." आन जरा वेळानं, "पन शब्द दिलाय मी."
असा राग आला, रस्त्यातच रडले. नुसता खडूस असता तर बरं. कौतुक करून नाय म्हणतो त्या माणसाशी भांडावं कसं?

रवि. १२, सकाळी, ग्राउंडवर
सांगून निघाले, चोरून नाय. बा म्हणला, "पावने दुपारी इथंच येनार." म्हणलं, "च्या पाज आन वाटंला लाव." त्यानं घोंगडं डोक्यावरून वढलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.
छातीवर नंबर लावलाय. शेजारची पोरगी बुटाची नाडी सारखी सोडून बांधायली. म्हणते, आज नाय झालं तर घरचे लगीन लावून देतील. बाला बी तेच वाटायलंय. हरली की गप बोहल्यावर चढंल.
नाय चढणार. भरतीत लागले तरी नाय, हरले तरी नाय. हे आत्ता इथं बसल्या बसल्या कळलं.
फोन वाजायलाय. बा.
आमची तुकडी पुकारली