ट्रक दारात, फाटक बंद

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी अक्षरशः. हे पत्र मी ट्रकखाली आडवा पडून सुरू केलं होतं, मग कागदावर तेल गळायला लागलं म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसलो.) तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण फोन तू उचलत नाहीस, आणि वाईट काही असतं तर दुसऱ्या कुणीतरी उचलला असता. शीतगृहातली नोकरी आणि तिथला तो जनरेटर तुला मानवला असेल. इकडे माझी पाठ, हिचा स्वभाव आणि आईचे गुडघे जसेच्या तसे आहेत. आपला ट्रक मात्र तसा राहिलेला नाही. पत्रास कारण तेच.

झालं असं, की डिझेलचा फिल्टर बदलायचा होता. मिस्त्रीकडे गाड्यांची रांग, आणि मला वाटलं, त्यात काय, दादा अंगणातच बदलायचा. (तू बदलायचास तेव्हा मी बॅटरी धरून उभा असायचो. बॅटरी धरणाऱ्याला वाटत असतं की काम आपणच करतोय.) हात काळे झालेच आहेत तर एंजिनाखालची झिजलेली रबरंही बदलून टाकली. काढलेला एकूण एक नट, बोल्ट आणि वॉशर मी क्रमाने ताटात मांडत गेलो. पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात हिला नेमकं तेच ताट हवं झालं. तिने एकही वस्तू हरवली नाही, हे मान्य करायला हवं. उलट सगळं पुसून, आकारानुसार लावून, तीन बरण्यांत भरून ठेवलं: लहान, मध्यम, मोठे. इतकं नीटनेटकं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि इतकं निरुपयोगीही. कुठला बोल्ट कुठला, हे बोल्टांना माहीत असेल तर असेल. मी आपला अंदाजपंचे जोडून मोकळा झालो.

ट्रक सुरू झाला. पण आयडलिंग, म्हणजे आई ज्याला उभ्या गाडीची घरघर म्हणते, ते गायब. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की एंजिन दोन उचक्या देऊन बंद. थोडक्यात, ट्रक चालत होता, फक्त थांबता येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांचं बिऱ्हाड हलवायचं होतं. चौकात थांबायचं तर एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर, आणि अॅक्सिलरेटरसाठी तिसरा आणायचा कुठून? शेवटी हिला शेजारी बसवलं. ती खराट्याच्या दांड्याने अॅक्सिलरेटर दाबून धरायची आणि वर मला विचारायची, की लग्नाच्या वेळी यातलं काही का सांगितलं नाही. खिडकीजवळ बसलेले डॉक्टर नव्या घरापर्यंत तोंड उघडं ठेवून होते. तुला हसू आलं असेल. मला त्या दिवशीही आलं नाही.

मग शहाणपण सुचलं आणि तिथूनच मिस्त्रीकडे गेलो. फिल्टरच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर बसवायचाच राहिला होता. त्या फटीतून डिझेलच्या नळीत हवा शिरत होती. (वॉशर 'लहान'च्या बरणीत होता, चकचकीत.) तो बसवल्यावर एंजिन असं गुळगुळीत चालायला लागलं, की मिस्त्रीने बोनेटवर ठेवलेला चहा हलेना. त्याने मला दोनदा दाखवलं. मलाही आनंद झाला. तो घरी पोचेपर्यंत टिकला.

कारण फाटक बंद होतं. तुला माहीतच आहे, वळणावर ट्रक सावकाश झाला की ती खडखडणारी घरघर आईला आत ऐकू जायची, आणि मी दारात येईपर्यंत ती फाटकाच्या दोन्ही फळ्या उघडून, कडी हातात धरून उभी असायची. डोळ्यांनी तिला हल्ली कमी दिसतं, पण कान असे, की भिंतीने उसने न्यावेत. तू होतास तेव्हाही आणि तू गेल्यानंतरही तिने हे चुकवलं नाही, गुडघे सुजलेले असतानासुद्धा. त्या संध्याकाळी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर म्हणाली, मला वाटलं, आपला नाही. आता रोज मी हॉर्न वाजवतो, खाली उतरतो, फाटक उघडतो, परत चढतो. आत आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. जेवण निम्म्यावर आलंय. दिवा लावू का म्हटलं तर म्हणते, कशाला. हल्ली सगळ्यालाच कशाला म्हणते. दादा, मला भीती वाटते रे.

तेव्हा मी ठरवलं, की जुनी घरघर परत आणायची. मिस्त्रीला म्हटलं, थोडं बिघडवून दे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “लोक बिघडलेलं घेऊन येतात, तू चांगलं घेऊन आलास. घरी जा, झोप काढ.” घरी आलो, पण झोप न काढता नवी रबरं काढली आणि भंगारातून शोधून जुनी बसवली, मग आयडलिंगचा स्क्रू ढिला केला. आता ट्रक असा थरथरतो की बाजूचा आरसा गळून पडला, आणि वळणावर हटकून बंद पडतो. काल ढकलत फाटकापर्यंत आणला. (हिने मागून हातभार लावला.) फाटक बंदच. तुझ्या हातची घरघर मला काही जमत नाही. तू कान लावून तो स्क्रू फिरवायचास. एकदा येऊन तेवढा फिरवून जा, एवढीच विनंती.

तुझा धाकटा

ता. क. : पत्र बंद करण्याआधी हिने ते आईला वाचून दाखवलं. मला न विचारता. आई म्हणाली, तेही लिही, म्हणून लिहितो: “एंजिनाला काही झालेलं नाही, हा उगाच त्याच्या मागे लागलाय. मोठा सहा महिन्यांत येतो म्हणून गेला होता. तोवर मी उघडायला जात होते. म्हटलं, एखाद्या दिवशी दोघं उतरतील. आता त्याची तिकडची नोकरी पक्की झाली. हा एकटाच उतरणार असेल, तर याचं याला उघडता येतं.”

तू पक्का झाल्याचा निरोप मी फिल्टर बदलला त्याच दिवशी आला होता. हे वर लिहिलं नाही, कारण दोन्हींचा काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणखी एक : रजेच्या अर्जात आईचं कारण घालू नकोस, तिला कळलं तर आवडायचं नाही. घरची गाडी नादुरुस्त आहे, असं लिही. खोटं ठरणार नाही. तू येईपर्यंत मी ती तशीच ठेवतो.